सहावा रकाना

आमच्या मास्तरांचा नव्या वहीवर राग होता. भाषा नवी घेतली तरी वही तीच, हा त्यांचा नियम. जाड पुठ्ठ्याची, आडव्या पानांची एकच वही. डावीकडे समासात आपल्या भाषेतला शब्द, मग पहिला रकाना तुर्कीचा, पुढे अझरबैजानी, उझबेक, कझाक, किरगीझ, आणि अगदी उजवीकडे एक रिकामा रकाना सहाव्या भाषेसाठी. त्या सहावीचं नाव मी इथे लिहिणार नाही. ती बोलणारी माणसं आमच्या शहरात इतकी थोडी आली, की नाव लिहिलं तर तो माणूस ओळखू येईल. त्याचं माझ्यामुळे जे व्हायचं ते झालंय, तेवढं पुरे.

मास्तर म्हणायचे, "या सगळ्या बहिणी-बहिणी आहेत. एकीच्या घरात वावरलात, की दुसरीच्या घरात डबे कुठे ठेवलेत ते विचारावं लागत नाही." दर हिवाळ्याला एक भाषा, असा क्रम. डोंगराला तुर्कीत 'दा', अझरबैजानीत 'दाग', उझबेकमध्ये 'तोग', कझाकमध्ये 'ताउ', किरगीझमध्ये 'तो'. पाचही एका ओळीत लिहिले, की एकाच माणसाला पाच घरांत पाच लाडाची नावं असावीत तसं वाटायचं. तिसऱ्या हिवाळ्यापासून तर आम्हाला नवा शब्द सांगावा लागत नसे, आम्हीच आधीच्या रकान्यांवरून ओळखून सांगायचो. दहातले सात बरोबर निघायचे. त्याची नशा असते. ज्यांना ती कधी चढली नाही त्यांना सांगून कळायचं नाही.

पण मास्तरांचा दुसराही एक नियम होता. अंदाजाने काढलेला शब्द पेन्सिलीने लिहायचा. ती भाषा आईकडून शिकलेल्या माणसाच्या तोंडून तो ऐकला, की मगच त्यावर शाई फिरवायची. "पेन्सिल म्हणजे तुमची अक्कल आणि शाई म्हणजे त्यांची," असं ते म्हणायचे. त्यासाठी ते आम्हाला बाजारात, धोब्याकडे, ट्रक उभे राहतात त्या मैदानावर पिटाळायचे. जा, कुणीतरी शोधा, बोलतं करा, शाई घेऊन या.

वर्ग टायरच्या दुकानाच्या वरच्या खोलीत भरायचा. सुरुवातीला नऊ जण होतो. पाचव्या हिवाळ्यात दोघीच उरलो, मी आणि माझी ताई. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, आणि शब्दांच्या बाबतीत महाकंजूष. ती पेन्सिल वापरायचीच नाही. ऐकला तर लिहायची, नाही तर चौकोन कोरा. तिच्या वहीची पानं दात पडलेल्या तोंडासारखी दिसायची. माझी पानं गच्च भरलेली. मास्तर तिला 'चिकट' म्हणायचे आणि मला 'उधळी', आणि दोन्ही म्हणताना सारखंच हसायचे. त्यामुळे आपण दोघीही त्यांच्या लाडक्या आहोत, अशी आमची समजूत होती.

पाचवा हिवाळा संपता संपता मास्तर गेले. जिना चढून वर आले, खुर्चीत बसले आणि उठलेच नाहीत. सहावी भाषा राहून गेली. ताईने वही कपाटात ठेवली. मी एक पातळसा शब्दकोश मिळवला, आणि तीन आठवड्यांत सहावा रकाना वरपासून खालपर्यंत पेन्सिलीने भरून काढला. शब्दकोशात सापडलं ते तिथून, नाही सापडलं ते तुर्की आणि उझबेक यांच्या मधलं काहीतरी धरून. ती भाषा बोलणारं एकही माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

त्याच वसंतात कार्यालयाची जाहिरात आली. दुसऱ्या देशांतून जीव मुठीत धरून येणाऱ्यांना इथे राहू द्यायचं की परत पाठवायचं, हे ठरवणारं कार्यालय. त्यांना दुभाषी हवे होते. अर्जावर भाषांचा गट छापलेला होता, सहाच्या सहा, प्रत्येकीपुढे चौकोन. ताईने दोन चौकोनांवर खूण केली. मी सहाही भरले. अर्ज द्यायला जाण्याआधी सकाळी मी टेबलाशी बसले, आणि सहाव्या रकान्यावर वरपासून खालपर्यंत शाई फिरवली. कुणी बघत नव्हतं, कुणी मागणारही नव्हतं, तरी फिरवली. पेन्सिल दिसत होती तोवर मला स्वतःलाच खोटं बोलता येत नव्हतं.

पाच भाषांच्या परीक्षा मी दिल्या, आणि चांगल्या दिल्या. त्यात मी आजही कुणाला हार जाणार नाही. सहावीच्या वेळी कारकून कागद चाळत म्हणाला, "बाई, या भाषेचा परीक्षक शहरात कोण आहे?"

"माझ्या माहितीत तरी मीच," मी म्हणाले.

तो हसला, मीही हसले, आणि त्याने माझ्या नावापुढे खूण केली. झाली परीक्षा.

ताईला त्यांनी घेतलं नाही. दोन भाषांच्या माणसाला पोसण्यापेक्षा सहांची घेतलेली बरी, असा त्यांचा विचार. ती एका शाळेच्या कचेरीत दाखले लिहायला लागली आणि तिथेच राहिली. तिने मला एकदाच विचारलं, "सहावीचं काय केलंस गं?" मी म्हटलं, "निभावतं." त्यावर ती काही बोलली नाही. मूग गिळून बसणं ताईच्या स्वभावात नाही, त्यामुळे ते न बोलणं मला चांगलंच लागलं.

एकोणीस वर्षं मी ते काम केलं. आठवड्याला चार-पाच मुलाखती, बहुतेक उझबेक, किरगीझ, तुर्की. सहावीची माणसं तेवढ्या वर्षांत आठ आली. पहिल्या सातही वेळी मी वेळ मारून नेली. त्याची युक्ती सोपी असते. समोरचा बोलत असताना मान हलवत राहायचं, कळलेले शब्द मोत्यासारखे ओवायचे, मधल्या फटी संदर्भाने भरायच्या, आणि आवाज ठाम ठेवायचा. दुभाषाचं अर्धं काम मानेवर चालतं. तक्रार कोण करणार? अधिकाऱ्याला ती भाषा येत नाही, आणि त्या माणसाला आमची. दोघांच्या मधे फक्त मी.

आठवा आला तो फ्रिजवाला.

पन्नाशीचा, रुंद पंजांचा, डाव्या हाताचं एक बोट अर्धं. खोलीत आल्या आल्या त्याने कोपऱ्यातल्या पाणी थंड करायच्या यंत्राकडे कान दिला आणि तोंड वाकडं केलं. ते यंत्र वर्षभर घरघरत होतं. आमच्यापैकी कुणाला ते कधी ऐकूही आलं नव्हतं. टेबलावर ध्वनिमुद्रणाचं यंत्र, त्याचा लाल दिवा, कागदी रुमालांचा डबा, आणि पलीकडे अधिकारी बाई. बाई वाईट नव्हत्या. थकलेल्या होत्या, आणि त्या दिवशीची ती त्यांची तिसरी मुलाखत होती.

"दुभाषी बोलतात ते समजतंय का, विचारा," बाई म्हणाल्या.

मी विचारलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि बोलायला लागला. चार मिनिटं तो थांबलाच नाही. भरभर, घशातून, हात हलवत. मला नदी कळली, गाव कळलं, 'माझे वडील' कळलं, 'थंड' कळलं. मी मान हलवत होते. तो थांबल्यावर मी बाईंना म्हणाले, "नदीकाठच्या गावात जन्म झाल्याचं सांगतायत. वडीलही तिथलेच. फ्रिज दुरुस्तीचं काम करतात." चार मिनिटांची तीन वाक्यं. मग मी त्याला माझ्या सहावीत पुढचा प्रश्न विचारला.

त्याने मान किंचित कलती केली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि हसला. लहान मूल बोबडं बोललं, की मोठी माणसं हसतात ना, तसं मायेने. त्यानंतर तो सावकाश बोलू लागला. एकेक वाक्य तोडून, माझ्या तोंडाकडे बघत. आता मला सगळं कळत होतं. मला वाटलं, गाडी रुळावर आली.

त्याची हकिकत अशी. गावापासून दोन तासांवर एक सरकारी इमारत होती. तिथलं शीतघर बंद पडलं म्हणून त्याला नेलं. मांस ठेवायची खोली असेल असं त्याला वाटलं. दार उघडलं तर आत माणसं होती, एकावर एक, पायांना चिठ्ठ्या बांधलेली. त्याने यंत्र दुरुस्त केलं. दुसरं काय करणार? तीन तास तो आत होता. त्यातला एक त्याच्या ओळखीचा होता, त्यांच्या गावचा औषधवाला. घरी येऊन त्याने औषधवाल्याच्या बायकोला सांगितलं, आणि आठ दिवसांत याच्या स्वतःच्या मदतनिसाला उचललं. मग तो पळाला.

हे सगळं खरं धरायचं, तर एकच गोष्ट सिद्ध व्हायला हवी होती. ती नदी दोन देशांच्या मधून वाहते. ती इमारत पलीकडच्या काठावरच्या देशात होती. तो त्याच काठाचा असेल, तर परत गेल्यावर त्याचं काय होणार ते सांगायला नको. अलीकडच्या, उझबेक बोलणाऱ्या काठाचा असेल, तर त्याला तिकडून काही भीती नाही, आणि मग हकिकत ऐकीव, उसनी. त्याच्याकडे कागद एकही नव्हता. होती ती फक्त बोली.

अहवालाच्या शेवटी दुभाषासाठी दोन ओळींची जागा असते. बोली दाव्याशी जुळते का? तिथे 'सांगता येत नाही' असं लिहायची मुभा होती. मी लिहिलं, "बोलण्यात उझबेकची मोठी सरमिसळ. अलीकडच्या काठाच्या वस्तीशी अधिक जुळते." एका मिनिटाचं काम. कुणी खोदून विचारलं नव्हतं. मला माझी हुशारी दाखवायची खाज होती, दुसरं काही नाही. ही सरमिसळ कानाने टिपणारी शहरात मी एकटीच, असं मनात म्हणत मी सही केली आणि पेनाला टोपण लावलं.

दोन महिन्यांनी निकाल लागला. अर्ज नामंजूर. कारणांमध्ये पहिलं माझं वाक्य, अवतरणचिन्हांत.

त्याला वकीलबाई मिळाली होती, पोरसवदा पण चिवट. ती माझ्याकडे ध्वनिफीत घेऊन आली. "शब्दन् शब्द उतरवून द्याल का? अपिलाला लागेल. या भाषेचं दुसरं कुणी सापडत नाही मला." अपिलाची मुदत तीन आठवडे होती. मी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले, कानाला यंत्र लावलं, आणि पहिली चार मिनिटं ऐकली.

मला ती कळली नाहीत.

परत ऐकली, सहा वेळा ऐकली. शब्दकोश काढला. पाच-सहा शब्द आणखी लागले, बाकी नुसता आवाज. मग माझा प्रश्न आला, माझ्याच आवाजात, ठाम. आणि मुलाखतीच्या खोलीत जे ऐकू आलं नव्हतं ते स्वयंपाकघरात लख्ख ऐकू आलं. मी जे बोलत होते ती सहावी भाषा नव्हतीच. ती उझबेक होती, थोडी तुर्कीची फोडणी घातलेली. तो थांबला, त्याला कळलं, आणि पुढच्या वाक्यापासून त्याने स्वतःची भाषा बाजूला ठेवली. नदी ओलांडून अलीकडच्या काठावरच्या बाजारातून माल आणताना जेवढी उझबेक कानावर पडली असेल, तेवढी तो गोळा करून वापरत होता. अडत होता, शब्द शोधत होता. माझ्यासाठी. आणि त्याने माझ्यासाठी उसनं घेतलेलं तेच मी त्याच्या नावावर लिहून टाकलं होतं.

आधीच्या सात जणांनीही हेच केलं असणार. पाहुणी बाई धडपडतेय, तिला सांभाळून घेऊ. माझं 'निभावतं' ते हे होतं. मी कधी निभावलंच नव्हतं, त्या माणसांनी मला निभावून नेलं होतं. मला इतकी लाज वाटली, की मी उठून स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली.

ध्वनिफीत घेऊन मी ताईकडे गेले. तिने चार मिनिटं ऐकली आणि कानातलं यंत्र काढून ठेवलं.

"मला नाही कळत यातलं," ती म्हणाली.

"मलाही नाही."

"वही आण."

वही मी बरोबर नेली होती. तिने सहावा रकाना उघडला. पाच-सहा पानं उलटली. शाईखाली पेन्सिलीच्या रेघा अजून दिसत होत्या. माझा हात तेव्हा घाईत होता. मी ओरडा खायच्या तयारीने बसले होते, पण ताई ओरडली नाही.

"तू सांगणार आहेस का, एवढंच सांग," ती म्हणाली.

"सांगितलं तर मी यादीवरून जाईन. बरं, एकट्या सहावीवरून नाही, सगळ्या सहांवरून. एकोणीस वर्षांच्या सगळ्या फायली उघडतील. ज्यांना राहू दिलं त्यांच्यासुद्धा. त्यांना का त्रास?"

"आता त्यांची काळजी वाटायला लागली होय?" ताई म्हणाली. "छान."

मी चिडून घरी आले. अकरा दिवस मी ते कागद टेबलावर इकडून तिकडे सरकवले. वकीलबाईला सांगितलं, ध्वनी अस्पष्ट आहे, वेळ लागतोय. कामावर जात होते, किरगीझ बाईची मुलाखत करत होते, उत्तम करत होते, आणि दर वाक्याला मान हलवताना मला माझ्या मानेची किळस येत होती. आपण काहीतरी मोठं ठरवतोय असं दाखवत मी नुसती डोळेझाक करत होते. अकरा दिवसांत काहीच घडलं नाही, आणि तेच तर वाईट झालं.

बाराव्या दिवशी मी लिहिलं. एकही पळवाट ठेवली नाही. ही भाषा मला येत नाही. कधीच येत नव्हती. अर्जदाराच्या बोलण्यातली सरमिसळ माझ्यामुळे आहे. पहिली चार मिनिटं त्याची खरी बोली आहेत, ती जाणकाराकडून तपासून घ्या. खाली सही केली. वकीलबाईने ते वाचलं.

"हे आधी का नाही दिलंत?"

"धीर झाला नाही," मी म्हणाले. याहून बरं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

तिने जीव तोडून प्रयत्न केले. जाणकार सापडला, दूरच्या एका विद्यापीठात. त्याला फुरसत होती तीन आठवड्यांनी. मुदत उरली होती नऊ दिवस. मुदतवाढ मिळाली नाही. माझं पत्र अपिलाला जोडलं, आणि उत्तर एका पानात आलं. ते मला पाठ आहे. "ज्या दुभाषीने प्रस्तुत भाषा आपल्याला येत नसल्याचं स्वतः लिहून दिलं आहे, तिचं त्या भाषेतील बोलण्याविषयीचं मत विचारात घेता येत नाही. तिचा पूर्वीचा अहवाल ती अधिकृत यादीवर असताना दिलेला असल्याने कायम राहतो."

वकीलबाईने ते मोठ्याने वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. मला हसू आलं. खरंच आलं, आणि आवरेना. येत असल्याचं ठोकून दिलं तेव्हा माझा शब्द प्रमाण होता. आता पहिल्यांदा खरं बोलले, तर तोच शब्द कवडीमोल. मग ते हसणं केव्हा थांबलं आणि रडणं केव्हा सुरू झालं ते मला कळलं नाही. वकीलबाईने रुमालांचा डबा पुढे केला. तिच्या कचेरीतही तसाच डबा होता.

मला यादीवरून काढलं, ते चिठ्ठीभर पत्राने. फायली मात्र कुणी उघडल्या नाहीत. तेवढा उत्साह तिथे कुणालाच नव्हता.

ज्यांना परत पाठवायचं असतं त्यांना शहराबाहेरच्या एका इमारतीत ठेवतात. भेटायला कुणालाही जाता येतं, अर्ध्या तासासाठी. ताई माझ्याबरोबर बसने आली. "मी आत येणार नाही. तुझं तू बघ," म्हणाली आणि थांब्याच्या बाकावर बसली. मी वही घेतली होती. का घेतली ते विचारू नका. त्याला दाखवावी, कबूल करावं, असं काहीतरी डोक्यात होतं. दारावरच्या पहारेकऱ्याने माझं पेन काढून घेतलं. टोकदार वस्तू चालत नाही म्हणाला. मग मला बघून दया आली की काय कोण जाणे, नोंदवहीशेजारची बोटभर पेन्सिल उचलून दिली. "ही चालते."

फ्रिजवाला बारीक झाला होता. मला बघून उठला. तो मला 'बहीण' म्हणायचा, त्यांच्यात परक्या बाईला तसंच म्हणतात. मी त्याला उझबेकमध्ये, साध्या सरळ उझबेकमध्ये, सगळं सांगितलं. की तुमची भाषा मला येत नव्हती. की तुम्ही माझ्यासाठी वाकलात आणि मी तेच तुमच्याविरुद्ध लिहिलं. की तुमचं परत जाणं माझ्यामुळे आहे.

तो ऐकत होता. मग त्याच सावकाश, अडखळत्या उझबेकमध्ये म्हणाला, "तुम्ही दमलेल्या दिसत होता, बहीण. मला वाटलं, सोपं करावं."

त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी खाली बघत राहिले. त्याला टेबलावरची वही दिसली. हे काय, म्हणून त्याने ती पुढे ओढली. मी रकाने दाखवले. त्याने सहाव्यावर बोट ठेवलं, ते अर्धं बोट, वाचायला लागला आणि त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता. डोंगराच्या ओळीपासून त्याने सुरुवात केली. हा नाही, असा. हा म्हातारे बोलतात, आम्ही नाही. हा शब्दच नाही. तो म्हणायचा आणि मी लिहायची, माझ्या शाईच्या शब्दाशेजारी बोटभर पेन्सिलीने. चूक शाईत आणि बरोबर ते पेन्सिलीत, अशी उलटी वही मास्तरांनी पाहिली असती तर काय म्हणाले असते, हे मनात आलं. आम्ही चार पानं केली. त्याला मजा येत होती. काहीतरी बिघडलेलं समोर होतं आणि ते त्याला दुरुस्त करता येत होतं. त्या इमारतीत त्याला हाताला काम असं ते पहिलंच असेल.

आणि बोलता बोलता तो स्वतःच्या भाषेत शिरला. मी लिहितेय, म्हणजे आता मला येतंय, असं त्याला वाटलं असावं. तो भरभर बोलू लागला, घशातून, हात हलवत, त्या पहिल्या चार मिनिटांसारखा. त्याचा चेहरा मोकळा झाला. मला 'मुलगी' कळलं. 'पत्र' की 'घर', ते नीट कळलं नाही. 'नदी' पुन्हा आली. पहारेकऱ्याने दारावर टकटक केलं. फ्रिजवाला उठला, माझा हात दोन्ही पंजांत धरला, आणि शेवटचं एक लांब वाक्य बोलून माझ्याकडे बघत थांबला. तो काहीतरी विचारत होता. काहीतरी मागत होता, आणि उत्तराची वाट बघत होता.

मी मान हलवली.

थांबा, मला कळलं नाही, परत सांगा, उझबेकमध्ये सांगा, एवढंच म्हणायचं होतं. त्याने आनंदाने सांगितलं असतं. पण पहारेकरी दार धरून उभा होता, त्याचा चेहरा इतक्या महिन्यांनी मोकळा झालेला, आणि माझी मान एकोणीस वर्षांच्या सवयीची. ती हलली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने माझा हात एकदा कपाळाला लावला आणि तो आत गेला. जाताना त्याची पाठ सरळ होती, मोठं ओझं दुसऱ्याच्या हाती सोपवल्यासारखी.

बाहेर ताई बाकावर तशीच बसली होती. माझ्या हातात अजून पहारेकऱ्याची पेन्सिल होती, परत द्यायची राहिली होती.

"काय म्हणाला?" तिने विचारलं.

"काहीतरी मागितलं त्याने."

"काय?"

"मला कळलं नाही," मी म्हणाले. तोंडाने हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारत होते, आणि जिथे उच्चारायचं होतं ते दार मागे बंद झालं होतं.

ताई बाकावरून उठली. "आणि तू काय म्हणालीस?"

बस आली. मी पेन्सिल वहीत खोचली आणि चढले. ताईला उत्तर विचारायच्या आधीच माहीत होतं.